घरावर पत्रा घालावा की शिंगल?
कोकणातील घरमालक, दुकानदार आणि मिस्त्री यांच्यासाठी एक हिशेब

पाऊस सरला, भात कापून झाले की कोकणात घरांच्या छपरांचा विषय निघतो. कुणाचे कौल फुटलेले असते, कुणाचा वासा कुजलेला असतो, कुणाच्या गच्चीतून पाणी झिरपलेले असते. आखातातून सुट्टीवर आलेला मुलगा महिनाभरात सगळे उरकून परत जायच्या घाईत असतो. म्हसळा, श्रीवर्धन, मुरूड, दापोली, मंडणगड या बाजूंना गेलो की आम्हांला हमखास एक प्रश्न विचारला जातो. "कौले तर आता परवडत नाहीत. मग पत्रा घालू की ते नवीन शिंगल?"

प्रश्न साधा वाटतो, पण त्यात घराची बरीचशी पुंजी अडकलेली असते. शिवाय छपराची चूक लगेच कळत नाही. ती तीन-चार वर्षांनी, एखाद्या वादळी रात्री कळते. म्हणून या वेळी आमच्या पानावर हा हिशेब सविस्तर मांडण्याचे आम्ही ठरवले.

३ जून २०२० हा दिवस या पट्ट्यातले कोणी विसरणार नाही. निसर्ग चक्रीवादळ त्या दिवशी दुपारी रायगडच्या किनाऱ्यावर आदळले. वाऱ्याचा वेग ताशी सुमारे ११० किलोमीटर होता आणि झोत १२० पर्यंत जात होते. नारळ-सुपारीच्या बागा झोपल्या आणि हजारो घरांची छपरे गेली. त्यात टाळेबंदीचे दिवस, पावसाळा तोंडावर, आणि बाजारात पत्रा व ताडपत्री मिळेना. पुढच्याच वर्षी मे महिन्यात तौक्ते वादळ किनाऱ्याला घासून गेले. त्यामुळे छप्पर निवडताना आता केवळ रंग आणि दर पाहून चालणार नाही.

कौले का सुटली?

आपल्या बापजाद्यांच्या घरांवर मंगळुरी कौले होती. बासेल मिशनने मंगळूरला १८६५ साली कौलांचा कारखाना काढला आणि तिथून हे कौल साऱ्या पश्चिम किनाऱ्यावर पसरले. थंडावा देणारे, एखादे फुटले तर तेवढेच बदलता येणारे, खाऱ्या हवेला दाद न देणारे असे हे छप्पर होते. त्यात खोट नव्हती. बदलली ती आपली परिस्थिती.

दर वर्षी पावसाआधी घर शाकारावे लागते. कौले उतरवायची, झाडायची, रिपा तपासायच्या आणि पुन्हा लावायची. हे काम जाणणारे हात आता गावात राहिले नाहीत. वाशांसाठी चांगले लाकूड महाग झाले. त्यात माकडांचा उपद्रव. एका टोळीने एका सकाळी छपरावरून धाव घेतली की पाच-पन्नास कौलांचा चुरा होतो. घरातली तरुण माणसे मुंबईत किंवा आखातात, आणि घरी वडीलधारी मंडळी. अशा घराला कटकट नसलेले छप्पर हवे असते. तिथेच पत्रा आणि शिंगल हे दोन पर्याय पुढे येतात.

पत्रा म्हणजे कोणता पत्रा?

आपल्याकडे पत्रा हा शब्द फार ढिला वापरला जातो. सिमेंटचा पत्रा, जस्ताचा पत्रा आणि रंगीत पत्रा या तीन अगदी वेगळ्या वस्तू आहेत. सिमेंटच्या जुन्या पत्र्यात ॲस्बेस्टॉस असते. त्याची धूळ फुप्फुसांना घातक असल्याने अनेक देशांनी त्यावर बंदी घातली आहे. तो उतरवताना कोरडा कापू नये आणि फोडू नये. पाणी मारून, तोंडाला योग्य मास्क बांधून अख्खाच उतरवावा. नव्या घरासाठी आम्ही त्याचा विचारच करत नाही.

जस्ताचा पत्रा म्हणजे पोलादावर जस्ताचा थर. रंगीत पत्र्यात बहुधा पोलादावर ॲल्युमिनियम आणि जस्त यांचा मिश्र थर असतो व त्यावर रंग भाजलेला असतो. गॅल्व्हल्यूम म्हणतात तो हाच. या थरात ५५ टक्के ॲल्युमिनियम, ४३.४ टक्के जस्त आणि १.६ टक्के सिलिकॉन असते. साध्या जस्ताच्या थरापेक्षा तो सहसा जास्त टिकतो. कौलाच्या आकारात दाबलेला जो पत्रा हल्ली बंगल्यांवर दिसतो, तोही बहुधा याच जातीचा असतो.

शिंगल म्हणजे काय?

शिंगल हा अमेरिकेचा माल. तिथल्या बहुसंख्य घरांवर हेच छप्पर असते. काचतंतूंच्या पातळ चटईवर दोन्ही बाजूंनी डांबर चढवतात आणि वरच्या बाजूला रंगीत दगडी कण दाबून बसवतात. हे कण केवळ शोभेसाठी नसतात. ते उन्हापासून डांबराचे रक्षण करतात. नेहमीचा तुकडा सुमारे तीन फूट लांब आणि एक फूट रुंद असतो. तो माशाच्या खवल्यांप्रमाणे एकावर एक चढवून खिळ्यांनी ठोकायचा. प्रत्येक तुकड्यावर डांबरी चिकटपट्टी असते. उन्हाने ती मऊ होऊन वरच्या तुकड्याला धरते.

ध्यानात ठेवण्याची मुख्य गोष्ट ही की, शिंगल स्वतःच्या बळावर उभे राहत नाही. पत्रा आडव्या पाइपांवर अधांतरी टाकता येतो. शिंगलला खाली सलग पाटी लागते. ती एक तर उतरत्या स्लॅबची असते, नाही तर पाण्याला टिकणाऱ्या प्लायची किंवा सिमेंट बोर्डाची असते. पाटीवर आधी जलरोधक थर अंथरायचा आणि मगच शिंगल. दुकानदार शिंगलचा चौरस फुटाचा दर सांगतो तेव्हा त्यात पाटी, थर, खिळे आणि मजुरी धरली आहे की नाही हे विचारावे. फसगत इथेच होते.

वाऱ्याचा हिशेब

छपरावर वारा आपटतो आणि म्हणून ते मोडते, असा आपला समज असतो. खरे म्हणजे वारा छपरावरून वेगाने जाताना त्याला वर ओढतो. अभियंते वाऱ्याचा दाब काढण्यासाठी एक सोपे सूत्र वापरतात. वेग सेकंदाला मीटरमध्ये घ्यावा, त्याचा वर्ग करावा आणि ०.६ ने गुणावे. ताशी १२० किलोमीटर म्हणजे सेकंदाला सुमारे ३३ मीटर. हिशेब केला तर चौरस मीटरला सुमारे ६८ किलो भार येतो.

आता दहा फूट बाय दहा फुटांचा तुकडा घ्या. त्यावर येणारा जोर सव्वासहाशे किलोच्या घरात जातो. तेवढ्याच जागेच्या अर्धा मिलिमीटर पत्र्याचे वजन चाळीस-पंचेचाळीस किलो. म्हणजे पत्रा स्वतःच्या वजनाने तिथे राहू शकत नाही. त्याला धरून ठेवतात ते स्क्रू. त्या तुकड्यात पन्नास स्क्रू असतील तर एकेकावर साडेबारा किलो ओढ येते. पैसे वाचवायला पंचवीसच मारले तर पंचवीस किलो. शिवाय छपराच्या कडेला, कोपऱ्यांत आणि आढ्याजवळ ही ओढ मधल्या भागापेक्षा बरीच जास्त असते. त्यामुळे कडेच्या ओळीत स्क्रू दाट हवेत.

श्रीवर्धनच्या बाजूच्या एका जुन्या मिस्त्रीने आम्हांला सांगितले, "शेठ, पत्रा तुम्ही कोणताही आणा. स्क्रू मात्र माझ्या हिशेबाने मारू द्या." त्या वादळात त्याने काय काय पाहिले तेही त्याने सांगितले. कित्येक ठिकाणी पत्रा पाइपापासून सुटलाच नव्हता. अख्खी लोखंडी कैचीच पत्र्यासकट उडाली होती. चिऱ्याच्या भिंतीवर कैची नुसती टेकवलेली, वर थोडे सिमेंट थापलेले. अशा वेळी पत्र्याला किंवा स्क्रूला दोष देऊन काय उपयोग? पत्रा पाइपाला, पाइप कैचीला, कैची भिंतीवरच्या सळईच्या पट्ट्याला आणि पट्टा खांबाला, अशी साखळी अखंड हवी. एक कडी कच्ची असली की बाकीचा खर्च पाण्यात.

शिंगलची गोष्ट थोडी वेगळी. त्याच्या पाकिटावर वाऱ्याचा वर्ग छापलेला असतो. अमेरिकन मापाप्रमाणे एफ वर्ग म्हणजे ताशी ११० मैल, म्हणजे सुमारे १७७ किलोमीटर. पण तो वर्ग मिळतो कंपनीने सांगितल्याप्रमाणे खिळे ठोकले आणि चिकटपट्टी नीट चिकटली तरच. नेहमी एका तुकड्याला चार खिळे लागतात, वादळी भागात सहा. खिळा ठरलेल्या रेषेतच बसला पाहिजे. वर गेला तर खालचा तुकडा मोकळा राहतो. चिकटपट्टीला ऊन लागते, म्हणून जुलैच्या पावसात शिंगल लावणे हा पैशाचा नाश होय. नोव्हेंबर ते एप्रिल हा आपल्याकडचा काळ योग्य. आणि आपली तांबडी माती! तिची धूळ चिकटपट्टीवर बसली तर ती पट्टी काही धरणार नाही. झाडून, पुसून मगच तुकडा बसवावा.

पाऊस आणि उतार

कोकण किनाऱ्यावर वर्षाला सुमारे तीन हजार मिलिमीटर पाऊस पडतो, कुठे त्याहून अधिक. अशा ठिकाणी उतार हाच पहिला जलरोधक. कौलारू घराला साधारण दोन फुटाला एक फूट उतार असे, तो उगाच नव्हे. शिंगलला निदान तीन फुटाला एक फूट उतार हवा. सहा फुटाला एक फुटापर्यंत उतार कमी करता येतो, पण मग खालचा जलरोधक थर दुहेरी लागतो. त्याहून सपाट छपरावर शिंगल लावूच नये.

पत्रा कमी उतारावरही चालतो. म्हणून गळक्या गच्चीवर शेड घालायची असेल तर पत्रा सोयीचा. पण पत्र्याचे पाणी बहुतेक वेळा स्क्रूच्या भोकातून येते. स्क्रूखालचा रबरी वायसर हलका असेल तर काही उन्हाळ्यांत तो तडकतो. स्क्रू फार आवळला तर वायसर चेपतो, सैल सोडला तर बसत नाही. चांगल्या वायसरचा स्क्रू थोडा महाग पडतो, पण सबंध छपराच्या खर्चात तो फरक नगण्य असतो. आणि शेड घालण्यापूर्वी ग्रामपंचायतीची किंवा नगरपालिकेची परवानगी घ्यायला विसरू नये.

पाण्याची आणखी एक बाजू आहे. हजार चौरस फुटांच्या छपरावर तीन हजार मिलिमीटर पावसाचे पावणेतीन लाख लिटरहून अधिक पाणी पडते. मे महिन्यात टँकरची वाट पाहणाऱ्या गावाने हे पाणी साठवावे असे आम्हांला वाटते. पहिल्या सरींचे पाणी सोडून दिल्यावर रंगीत पत्र्यावरचे पाणी गाळून, शुद्ध करून वापरता येते. शिंगलवरचे पाणी डांबरावरून येते. ते बागेला, धुण्याला ठीक, पिण्यासाठी घेऊ नये.

खारी हवा, ऊन आणि आवाज

समुद्राच्या अगदी काठावर पत्र्याचा शत्रू म्हणजे मीठ. पावसात छपराचा वरचा भाग धुऊन निघतो, पण पागोळीखालच्या कडा आणि जोड धुतले जात नाहीत. गंज तिथूनच सुरू होतो. अनेक कंपन्यांच्या हमीपत्रात किनाऱ्यापासून ठरावीक अंतरातली घरे वगळलेली असतात. ते बारीक अक्षर पैसे देण्यापूर्वी वाचावे. पत्रा ग्राइंडरने कापला तर कडेचा थर जळतो आणि उडालेले लोखंडाचे कण रंगावर रुतून गंजतात. कात्रीने किंवा निबलरने कापावा आणि कीस त्याच संध्याकाळी झाडून टाकावा. ओले सिमेंट पत्र्यावर सांडून राहू देऊ नये. तेही थर खाते.

शिंगलला मीठ काही करीत नाही. खिळे मात्र चांगल्या गॅल्व्हनाइज्डचे हवेत. शिंगलचे शत्रू दुसरे. कडक उन्हाने डांबर हळूहळू कडक होते आणि कण सुटू लागतात. दमट हवेत त्यावर काळे ओघळ आणि शेवाळ धरते. ते घालवण्यासाठी जोराच्या पाण्याचा फवारा मारला तर शेवाळाबरोबर कणही निघून जातात. मऊ ब्रशनेच साफ करावे. पाकिटावर तीस वर्षे किंवा आजीवन असे लिहिलेले असले तरी ती हमी अटींसह असते आणि दर वर्षी तिची किंमत घटत जाते. ती वर्षे आपल्या उन्हात जशीच्या तशी मिळतील असे धरून चालू नये.

उकाड्यात उघडा पत्रा सर्वांत वाईट. दुपारी त्याखाली बसवत नाही. फिका रंग, खाली उष्णतारोधक थर आणि आढ्याजवळ हवा जायला वाट, या तीन गोष्टी केल्या तर बराच फरक पडतो. पावसाचा आवाज ही दुसरी तक्रार. आमच्या ओळखीचे एक चाचा कुवेतमध्ये आयुष्य काढून गावी आले आणि त्यांनी हौसेने पत्र्याचे घर बांधले. पहिल्याच आषाढात ते म्हणाले, "घरात बसून शेजारच्याशी बोलायचे तर ओरडावे लागते." पुढे खाली लाकडी फळ्यांचे छत मारले तेव्हा ते सुखी झाले. शिंगलखाली पाटी असल्याने हा त्रास नाही.

पत्र्याच्या घरावर वीज जास्त पडते काय, असेही विचारतात. नाही. वीज उंची पाहते, पत्रा आहे की शिंगल हे पाहत नाही. अर्थात पत्र्याचा सांगाडा अर्थिंगला जोडून घेतलेला बरा.

वजन आणि खर्च

हजार चौरस फुटांच्या छपराला साडेबाराशे ते दीड हजार मंगळुरी कौले लागतात. त्यांचे वजन तीन ते चार टन. तेवढ्याच जागेला अर्धा मिलिमीटरचा पत्रा चार-साडेचारशे किलो. शिंगल साधारण एक ते दीड टन, आणि प्लायची पाटी असेल तर आणखी पाऊण टन. म्हणजे जुन्या चिऱ्याच्या भिंती तशाच ठेवायच्या असतील तर पत्रा हलका पडतो.

दर दररोज बदलतात, म्हणून आम्ही येथे आकडे छापत नाही. पण तुलना कशी करावी ते सांगतो. दोन्ही पर्यायांचा पूर्ण उभा खर्च लिहून घ्यावा. पत्र्यासाठी कैची, पाइप, पत्रा, स्क्रू, आढ्याची पट्टी, पन्हळ, उष्णतारोधक थर आणि खालचे छत. शिंगलसाठी पाटी किंवा उतरता स्लॅब, जलरोधक थर, शिंगल, खिळे, कडेच्या पट्ट्या आणि जाणकार कारागिराची मजुरी. उतरता स्लॅब आधीच असेल तर शिंगलचा खर्च आटोक्यात येतो. नसेल तर पत्रा बहुधा स्वस्त पडतो. शेवटी जुना पत्रा भंगारात विकता येतो. जुन्या शिंगलला गिऱ्हाईक नाही.

दुकानदार आणि कारागीर बंधूंना

पत्र्याच्या धंद्यात जाडीचा घोटाळा जुना आहे. ०.५० म्हणून विकलेला पत्रा रंग आणि थर धरून ०.५० असतो, आतले पोलाद त्याहून कमी. कधी तोही आकडा खरा नसतो. गिऱ्हाइकाला दोन्ही जाड्या स्पष्ट सांगाव्यात आणि बिलावर लिहाव्यात. मायक्रोमीटर दुकानात ठेवावा, वजनकाटा तर असतोच. पोलादाचा एक चौरस मीटर सपाट पत्रा अर्धा मिलिमीटर जाडीला सुमारे ३.९ किलो भरतो. या हिशेबाने कोणीही पडताळा घेऊ शकतो. माप पूर्ण देणारा दुकानदार दोन रुपये महाग असला तरी गिऱ्हाईक त्याच्याकडेच परत येते.

वादळानंतर ज्यांनी पत्र्याचे भाव चढवले त्यांनी त्या महिन्यात चार पैसे कमावले असतील. गावाने मात्र ती नावे अजून लक्षात ठेवली आहेत. ज्यांनी जुन्या भावाने आणि उधारीवर माल दिला, त्यांचीही नावे लक्षात आहेत.

फॅब्रिकेशन आणि सुतारकाम करणाऱ्या तरुणांना एक सूचना. शिंगल लावणारे कसबी हात कोकणात कमी आहेत. मोठ्या बंगल्यांच्या कामाला माणसे बाहेरून येतात. हे काम अवघड नाही, पण शिस्तीचे आहे. उतार मोजणे, ओळ सरळ ठेवणे, खिळा रेषेत मारणे. चार जणांची टोळी एका हंगामात एखाद्या अनुभवी कारागिराच्या हाताखाली राहिली तर पुढच्या हंगामात स्वतःचे काम घेऊ शकेल. उंचीवर काम करताना कंबरेला पट्टा आणि दोर बांधायची सवय पहिल्या दिवसापासून लावून घ्यावी. छपरावरून पडलेल्या माणसामागे सबंध घर उघडे पडते.

मग निवड कशाची?

उतरता स्लॅब घातलेला आहे, घर काठाला आहे आणि कारागीर जाणकार मिळतो, तर शिंगल घ्यावे. दिसायला देखणे, आवाज नाही आणि गंजायची भीती नाही. जुन्या भिंतींवर हलके छप्पर हवे आहे, हात आखडता आहे किंवा उतार कमी आहे, तर पत्रा घ्यावा. पण पोलाद जाड, थर चांगला, स्क्रू दाट आणि कैची भिंतीत जखडलेली. अगदी किनाऱ्यावर पत्राच घालायचा झाला तर हमीपत्र वाचूनच घ्यावा, आणि दर वर्षी पावसाआधी कडा व स्क्रू तपासावेत.

आणि ज्यांच्या घरावरची कौले अजून धड आहेत, वासे खणखणीत आहेत आणि शाकारणी करणारा माणूस मिळतो, त्यांनी केवळ शेजाऱ्याने रंगीत छप्पर घातले म्हणून कौले उतरवू नयेत. त्या पैशात आढे, वासे आणि भिंतीचा सांधा पक्का करून घ्यावा. पुढचे वादळ कधी येईल ते कोणाच्या हाती नाही. छपराची साखळी अखंड ठेवणे मात्र आपल्या हाती आहे, आणि त्यासाठी पुढच्या जूनपर्यंतचे सुके महिने पुरेसे आहेत.